टिचकीचा बाण वाकडा का गेला?

ऐका हं, कान इकडे.

काटेरी बोरीखाली राहायची टिचकी चिचुंद्री. टिचकी एवढीशी. नाक मात्र लांबच लांब.

बोरीवर उरलं होतं एकच बोर. लालबुंद, टपोरं. ते पिकायची टिचकीने आठ दिवस वाट पाहिली होती. पण बोरीला काटेच काटे! चढणार कशी?

टिचकीने धनुष्य केलं. नाजूक, लवलवतं. बाण घेतला. जाडजूड, ताठ. "मोठ्ठा बाण, मोठ्ठी मी!"

दोरी ताणली. सोडली. सुंईऽऽ! बाण गेला डावीकडे. झुडपात गडप!

"बोर हललं," टिचकी म्हणाली.

बोर काही हललं नव्हतं हं!

आता बाण नाही. बोर तिथंच. टिचकीला रडू आलं. नाकाच्या शेंड्यावरून टप् टप्, टप् टप्.

लुटुलुटु लुटुलुटु, टिचकी गेली सुतारपक्ष्याकडे.

"सुतारदादा, सुतारदादा, बाण दे!
सुतार बाण देईल,
मग बोर पडेल,
मग टिचकी खाईल!"

"ठक् ठक्! वरून पाहिलं हं मी सगळं. धनुष्य दाखव बघू. अगं टिचके, धनुष्य असं लवलवतं, नि बाण घेतलास मुसळ? तो वाकलाच नाही, धनुष्याला अडला, म्हणून वाकडा गेला! जरा वाकणारी काडी आण, मग देतो."

"बोर हललं होतं," टिचकी म्हणाली.

लुटुलुटु लुटुलुटु, टिचकी गेली गवताकडे.

"गवतमावशी, गवतमावशी, काडी दे!
गवत काडी देईल,
मग सुतार बाण देईल,
मग बोर पडेल,
मग टिचकी खाईल!"

"सळसळ! देईन की. पण अंगावर गोगलगाय बसलीय. मान वर होईना. ती उतरली, की देते."

लुटुलुटु लुटुलुटु, टिचकी गेली गोगलगाईकडे. लांब नव्हतंच. नाक वर केलं, झालं!

"गोगलताई, गोगलताई, उतर!
गोगल उतरेल,
मग गवत काडी देईल,
मग सुतार बाण देईल,
मग बोर पडेल,
मग टिचकी खाईल!"

"हळूऽऽ हळू! उतरले असते गं. पण खाली बेडूक बसलाय. त्याच्या टकलावर उतरू? तो हलला, की उतरते."

टिचकीने नाक खाली केलं.

"बेडूकमामा, बेडूकमामा, हल!
बेडूक हलेल,
मग गोगल उतरेल,
मग गवत काडी देईल,
मग सुतार बाण देईल,
मग बोर पडेल,
मग टिचकी खाईल!"

"डरांव! हलून जाऊ कुठं? झुडपातल्या माझ्या दारात कुणीतरी मुसळ खुपसलंय. ते काढ, की हलतो. कुणाचं गं ते?"

टिचकीने पाहिलं. अगोबाई! तिचाच बाण!

टिचकीने नाक खाजवलं. "बोर ह... बोर हल..."

"काय म्हणालीस?"

"माझाच बाण, मामा. चुकलं माझं."

टिचकीने बाण ओढला. हुश्श! हुश्श! सट्ट! बाण निघाला, टिचकी उताणी पडली.

बेडूक हलला, टुण्ण!
गोगल उतरली, हळूऽऽ!
गवताने मान वर केली, सळ्ळ्! काडी दिली.
सुताराने काडी वाकवली, सोडली. "आता कशी!" ठक् ठक्, बाण दिला.

टिचकीने दोरी ताणली. सोडली. बाण जरासा वाकला. धनुष्याला वळसा घालून सरळ झाला. सुंईऽऽ!

टप्प! बोर पडलं. कुठं? टिचकीच्या नाकावर!

"काय गं," बेडूकमामा म्हणाला, "आता हललं का बोर?"

टिचकीने नाकानेच 'नाही' म्हटलं. गाल बोराने टम्म फुगलेले!

आणि ते मुसळ? मामाने दाराला अडसर म्हणून लावलं.

बोर पोटात, बी मातीत, नि गोष्ट तुमच्या कानात.