झिलूचा मासा घरी येईना

खाडीकाठी एक गाव होतं. त्या गावात झिलू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती? बायको म्हणाली, "भात शिजला का दाबून बघा हो," तर हा एकेक शीत दाबत पातेलंभर भात तपासायचा. आणि वर सांगायचा, "सगळा शिजलाय गो. एकही शीत कच्चं नाही."

पण नेम विचाराल, तर नेमात त्याचा हात धरणारा सात गावांत कुणी नव्हता. ओहोटीला भाला घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहायचा. पाण्यात सावली हलली की भाला गेलाच म्हणून समजा. अडचण एवढीच होती की मारलेला मासा घरी काही यायचा नाही.

आणायचा कसा, हेच त्याला ठरवता येत नसे. मुठीत धरला तर निसटला. टोपीत घातला तर मासा टोपी घेऊन गेला. एकदा दातांत धरून साकवावरून येत होता. समोरून कुणी तरी विचारलं, "काय झिलू, मिळाला का?" झिलू माणूस सभ्य. तोंड उघडून म्हणाला, "हो तर!" आणि मासा गेला साकवाखाली.

ही गोष्ट खाडीपलीकडे झिलूच्या सासऱ्यांच्या कानावर गेली. सासऱ्यांचं नाव भागोजी. मोठे तापट गृहस्थ. त्यांनी निरोप धाडला, "रविवारी जेवायला येतो. जावयाने स्वतः मारलेला मासा ताटात दिसला तर ठीक. नाही दिसला, तर लेकीला माहेरी घेऊन जातो. मग परत पाठवणार नाही."

झिलूच्या बायकोचं नाव जयवंती. निरोप ऐकून तिने पदर डोळ्यांना लावला. "मला नाही जायचं हो. तुम्ही वेडे असलात तरी माझे आहात. पण बाबांपुढे माझं काही चालत नाही. एक मासा घरी आणा. एकच."

"एकच ना?"

"एकच."

"मग त्यात काय!" झिलू म्हणाला, आणि भाला घेऊन निघालासुद्धा.

पहिल्या दिवशी त्याने हातभर लांबीची तांबोशी मारली. ती भाल्यालाच ठेवली, भाला खांद्यावर टाकला आणि गाणं म्हणत घरी आला. दारात येऊन भाला पुढे केला. भाल्याला काहीच नव्हतं. वर माडावर बसून एक घार तांबोशी खात होती.

जयवंतीने कपाळावर हात मारला. "अहो, असा उघडा कोण आणतं? गोणपाटात गुंडाळायचा आणि काखेत घट्ट दाबून आणायचा. घट्ट!"

"एवढंच ना? आता चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती लागली कुर्ली. ताटाएवढी थोरली, नांग्या ही एवढाल्या. झिलूने तिला गोणपाटात गुंडाळलं आणि काखेत दाबलं. कुर्लीने गोणपाटातून एक नांगी बाहेर काढली आणि झिलूला धरलं. झिलू ओरडला, पण काख उघडेना. कारण घट्ट दाबायला सांगितलं होतं ना! त्याने जितकं दाबलं, तितकं तिनेही दाबलं. शेवटी तीच कंटाळली, त्याला सोडून खाली उतरली आणि तिरकी तिरकी चालत खाडीत गेली.

झिलू घरी आला तो एक हात वर करूनच. हात तीन तास खाली येईना.

जयवंतीने काखेला हळद लावली. लावता लावता तिला हसूही येईना आणि रडूही आवरेना. "अहो देवा! तिचे आधी पाय बांधायचे. नांग्या, पाय सगळं दोरीने आवळायचं, मग खुशाल घेऊन यायचं."

"हे आधी सांगायचं की नाही?" झिलू म्हणाला. "आता बघ."

तिसऱ्या दिवशी मिळाली एक जाडजूड बोय मासळी. झिलूने दोरी काढली आणि तिचे पाय शोधायला लागला. पोटाखाली बघितलं. शेपटीकडे बघितलं. उलटी करून बघितली, तोंड उघडून आत बघितलं. पाय कुठेच नाहीत! आता काय करावं माणसाने? झिलू काठावर बसून विचार करू लागला. पाय तर बांधायचे आहेत, ते घरून सांगितलंय. बोयला पाय नाहीत. मग इथे पाय आहेत कुणाला?

त्याने खाली बघितलं. त्याला स्वतःला दोन होते.

त्याने आपले पाय घोट्यापाशी करकचून आवळले, बोय हातात घेतली आणि उड्या मारत निघाला. चार उड्या बऱ्या झाल्या. पाचव्या उडीला तो बांधावरून घसरला आणि थेट चिखलात तोंडघशी पडला. बोय उडाली, पाण्यात पडली आणि शेपटी हलवून गेली.

जयवंतीने दारातून बघितलं. चिखलाचा एक गोळा टुणटुण उड्या मारत घराकडे येत होता.

"तिला पाय नव्हते गो," गोळा म्हणाला. "पण मी सांगितल्याप्रमाणेच केलं."

आता मात्र ती खालीच बसली. उद्या रविवार. उद्या बाबा येणार. तिने झिलूला आंघोळ घातली, जेवू घातलं, समोर बसवलं आणि म्हणाली, "नीट ऐका. हे शेवटचं. मासा असो, कुर्ली असो, काहीही असो. पाण्यातून घरी आणायचं असेल तर कल्ल्यातून दोरी ओवायची. दोरी कमरेला बांधायची. आणि पाण्यातूनच मागे ओढत आणायचं, म्हणजे ताजं राहतं. वळवळलं तरी सोडायचं नाही. घरी आणून माझ्या हातात द्यायचं. म्हणा बघू."

झिलूने म्हटलं. तिने दहादा म्हणून घेतलं. दहाही वेळा बिनचूक!

रविवार उजाडला. ओहोटी लागली. झिलू पाण्यात उतरला आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्याच फेकीला तांबोशी! पहिल्या दिवशीच्या तांबोशीच्या दुप्पट. भाला शेपटीजवळ लागला होता, त्यामुळे चांगली जिवंत होती. झिलूने कल्ल्यातून दोरी ओवली, कमरेला बांधली आणि पाण्यातून ओढत निघाला. तांबोशी गुमान मागे येत होती. सगळं कसं सांगितल्याप्रमाणे! काठ शंभर पावलांवर होता. जयवंतीने तिकडे मसाला वाटायला घेतला होता.

तेवढ्यात हाक आली, "ओ जावईबापू!"

होडीवाला भागोजींना घेऊन आला होता. पण पाणी उतरलेलं, त्यामुळे होडी काठाला लागेना. मध्येच गाळात टेकली. भागोजींनी नवं धोतर नेसलेलं, डोक्याला कोरा फेटा. गाळात पाय टाकला तर गुडघाभर रुतणार.

"मला काठावर घेऊन चला," ते म्हणाले.

"घरी आणायचं ना तुम्हाला?" झिलूने विचारलं.

"मग काय बाजारात नेताय?"

"पाण्यातून?"

"दिसत नाही का चारी बाजूंनी पाणी?"

झिलूने मान डोलावली. मग त्याने दोरीकडे बघितलं. दोरी एक, आणि न्यायचे दोघे. "मामा, एक अडचण आहे. दोरीला मासा आहे."

"मासा राहू दे हो! आधी मला न्या!" भागोजी खेकसले.

सासऱ्यांचा शब्द कसा मोडायचा? झिलूने दोरी सोडून कल्ल्यातून काढून घेतली. तांबोशीने एक क्षण वाट बघितली. तिलाही खरं वाटेना. मग निघून गेली.

झिलू होडीला टेकला. "मामा, जरा मान वळवा."

"ती कशाला?"

"कल्ले बघतो."

त्याने भागोजींच्या उजव्या कानामागे बघितलं, डाव्या कानामागे बघितलं. कल्ले सापडेनात. पण झिलू आता शहाणा झाला होता. नाहीत तर नाहीत! त्याने दोरी त्यांच्या दोन्ही काखांतून घेतली, पाठीवर गाठ मारली, दुसरं टोक आपल्या कमरेला बांधलं आणि चालू लागला.

धप्पकन आवाज झाला. भागोजी पाण्यात!

"अरे सोड! मेल्या, सोड!" भागोजी हातपाय झाडू लागले.

"वळवळा मामा, खुशाल वळवळा," झिलू मागे न बघता म्हणाला. "मी सोडणार नाही."

फेटा सुटला आणि दहा हात मागे तरंगत आला. धोतरात वारा भरून त्याचा फुगा झाला, म्हणून बरं, नाक तेवढं वर राहिलं. पाणी संपलं, गाळ लागला. गाळातूनही झिलूने तसंच ओढलं. गाळ संपला, अंगण लागलं. मग चुलीपुढे नेऊन त्याने दोरीचं टोक जयवंतीच्या हातात दिलं.

"घे गो. एकदम ताजे आहेत. फार वळवळले, पण सोडले नाहीत."

जयवंतीच्या हातातला वरवंटा तसाच राहिला. "बाबा?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि मासा?"

"होता गो. मोठा होता. पण मामा म्हणाले राहू दे, म्हणून राहू दिला."

भागोजींनी तोंडातलं खाडीचं पाणी बाहेर टाकलं. "बस्स झालं! जयवंती, बोचकं बांध! होडी थांबलीय. आत्ताच्या आत्ता निघायचं, आणि या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही!"

जयवंती ढसाढसा रडायला लागली. तिने रडत रडतच लुगडी गुंडाळली. झिलूचेही डोळे भरून आले. पण जायचंच म्हणतात तर अडवणार कसं? तो उठला, खुंटीवरची लांब दोरी काढली आणि तिला दोन फास करू लागला.

भागोजींनी दोरीकडे बघितलं. "हे काय करताय?"

"होडी तिकडे पाण्यात आहे ना मामा," झिलू डोळे पुसत म्हणाला. "दोघांना पोचवून येतो. तुम्ही पुढे, ही मागे. ही हलकी आहे, तरंगेल."

भागोजी ताडकन उठले, अंगणात गेले आणि खाडीकडे तोंड करून कोकलले, "ए होडीवाल्या! तू जा रे बाबा, भरतीला परत ये! माझी लेक सासरीच राहणार आहे! जन्मभर राहणार आहे! आणि मीसुद्धा भरती येऊन होडी काठाला लागेपर्यंत इथून हलत नाही!"

जयवंतीच्या हातातलं बोचकं गळून पडलं. रडता रडता ती हसायलाच लागली.

झिलूलाही आनंद झाला. पण लगेच त्याचा चेहरा काळजीने उतरला. "भरतीला अजून पाच तास आहेत मामा. तोवर कोरड्यात बसून ताजे कसे राहाल?"

आणि त्याने कोपऱ्यातली भरलेली घागर उचलून भागोजींच्या डोक्यावर रिकामी केली.