जर्मनचा पेला

प्रवरेच्या काठी सोनगव्हाण नावाचे लहानसे गाव होते. एका वर्षी उपवासकाळात, म्हणजे ख्रिस्ती माणसे प्रभूच्या दुःखांची आठवण करतात त्या दिवसांत, कृपादास महाराज तिथे कीर्तनाला आले. अंगात भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, काखेत एकतारी. महाराज रीतसर दीक्षा घेतलेले पाळक होते. उपासना चालवण्याचा, प्रभुभोजन देण्याचा त्यांना अधिकार होता. पण पाळकाचा लांब पांढरा झगा त्यांनी कधी अंगाला लावला नाही. ते म्हणत, "प्रभूला भेटायला माझ्या माणसांनी परक्याच्या दिवाणखान्यात का जावं? त्याला आपल्या ओसरीवर बोलवा, घोंगडी टाका, आणि आपल्या चालीत त्याचं गाणं म्हणा."

आणि त्यांचे कीर्तन कसे रंगे, काय म्हणून सांगू! साहेबी चालीवर बसवलेली, ओढूनताणून मराठी केलेली गाणी म्हणून ज्यांचे गळे अवघडले होते, ती माणसे महाराजांच्या ओवीला मान डोलवू लागत. बायका ती ओवी घरी नेत, जात्यावर बसवत. सोनगव्हाणात पहाटे कान दिला तर ऐकू येई:

पहिली माझी ओवी गाईच्या गोठ्यात
देव माझा निजला गवताच्या कुशीत

ही ओवी सारजाबाईच्या गळ्यातली. सारजाबाई खालच्या आळीत राहत असे. विधवा बाई, केरसुण्या बांधून पोट भरणारी, पण आवाज असा की महाराज स्वतः म्हणाले, "बाई, माझ्या एकतारीला तुमच्यापुढे लाज वाटते."

आता खालची आळी म्हणजे काय, ते सांगायला हवे, आणि सांगताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सोनगव्हाणची ख्रिस्ती मंडळी एक, देऊळ एक, प्रभू एक. पण आळ्या दोन. वरच्या आळीने आधी बाप्तिस्मा घेतला, शाळा शिकली, मिशनच्या नोकऱ्या धरल्या. खालची आळी मागाहून आली. ती दोर वळणारी, केरसुण्या बांधणारी, हलगी वाजवणारी माणसे. देवळात वरची आळी पुढे बाकांवर बसे आणि खालची आळी दाराशी गोणपाटावर. एवढेही मी गिळले असते. पण प्रभुभोजनाला, जिथे सगळ्यांनी एका भाकरीतले खायचे आणि एका पेल्यातले प्यायचे, तिथे या लोकांनी दोन पेले ठेवले होते! वरच्या आळीला चांदीचा, खालच्या आळीला जर्मनचा. बाजारात ज्या हलक्या पांढऱ्या पत्र्याची भांडी मिळतात त्या जर्मनचा. वरच्यांचे पिऊन झाले की उरलेल्या द्राक्षरसात पाणी घालून तो जर्मनच्या पेल्यात ओतायचा. आणि तो पेला देवळाच्या कपाटातही ठेवायचा नाही. तो सारजाबाईच्या झोपडीत खुंटीला टांगलेला असे.

ही सगळी व्यवस्था पाहणारे होते शमुवेल मास्तर. मिशनच्या शाळेचे मुख्य मास्तर, मंडळीचे वडील पंच. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला.

शनिवारी संध्याकाळी देवळापुढच्या अंगणात कीर्तन झाले. महाराजांनी त्या दिवशी विहिरीवरच्या बाईची कथा लावली होती. भर दुपारची वेळ, प्रभू थकलेले, घसा कोरडा पडलेला. विहिरीवर येते कोण, तर जिच्या भांड्याला त्यांच्या जातीतले कोणी हात लावणार नाही अशी बाई. आणि प्रभू तिच्याकडेच पाणी मागतात. महाराजांनी ही जागा अशी रंगवली की लाजर हलगीवाल्याचा हात हलगीवर तसाच थांबला.

तेवढ्यात सारजाबाई उठून उभी राहिली. "महाराज, एक इचारू का? प्रभूनं तिच्या भांड्यातलं पाणी मागितलं. मग आमचा पेला निराळा का?"

महाराजांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी विचारले, "कोणता पेला?"

शमुवेल मास्तर घसा खाकरून म्हणाले, "आरोग्याचा प्रश्न आहे, महाराज. रोगराईचे दिवस. सगळ्यांनी एकाच भांड्याला तोंड लावणं शास्त्राला धरून नाही."

लाजर मागून म्हणाला, "रोगराई तर वरच्याच आळीत जास्त, मास्तर. आमाला परवडत न्हाई."

लोक हसले. महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी कीर्तन तिथेच आटोपते घेतले आणि उतरायला मास्तरांच्या माडीवर न जाता ते सरळ सारजाबाईच्या झोपडीकडे चालू लागले.

मास्तरांचा संताप झाला. अंगण रिकामे होताच त्यांनी सारजाबाईला गाठले. "सारजे, फार जीभ सुटली तुझी. उद्या तुझ्या पोरीची तिसरी पुकार आहे ना?"

ख्रिस्ती लग्नाआधी तीन रविवार देवळात वधूवरांची नावे पुकारतात आणि कुणाची हरकत आहे का ते विचारतात. तिसरी पुकार झाली नाही तर लग्न लागत नाही. सारजाबाईची लेक सुवार्ता हिचे लग्न उपवासकाळ सरताच व्हायचे होते. ही पुकार ऐकायला नवऱ्या मुलाचे आईबाप नदीपलीकडून यायचे होते. आणि पुकार वाचणारे होते शमुवेल मास्तर.

"उद्या देवळात तोंड उघडलंस तर कागद माझ्या खिशात राहील," मास्तर म्हणाले. "मग बस लेकीला घेऊन. आणि ऐक, तुझ्या त्या जर्मनमध्ये प्रभू येत असता तर आम्ही चांदी कशाला घेतली असती?"

सारजाबाई घरी आली ती पदर तोंडाला लावूनच. तिने सगळे महाराजांना सांगितले. "माझ्या बोलण्यापायी पोरीचं लगीन मोडंल, महाराज. मी काय करू?"

महाराजांनी खुंटीवरच्या पेल्याकडे पाहिले. त्यांचा आवाज रागाने जड झाला होता. ते म्हणाले, "तुम्ही उद्या एक शब्द बोलू नका, बाई. पोरीचं लग्न होऊ दे. पेला तेवढा घासून आणा. ज्याची पंगत आहे तो बोलेल."

सारजाबाईने राख घेतली आणि पेला घासला.

रविवारी देऊळ भरले. पाहुणे दाराशी गोणपाटावर येऊन बसले. महाराजांनी आशीर्वाद देऊन भाकरी मोडली आणि पेल्याकडे हात केला. शमुवेल मास्तरांनी कपाट उघडले, चांदीचा पेला मेजावर ठेवला आणि सुरई तिरकी केली. द्राक्षरसाची लाल धार पेल्यात पडताना सगळ्यांनी पाहिली.

महाराज म्हणाले, "मास्तर, पेला रिकामा आहे."

मास्तरांनी वाकून पाहिले. पेला कोरडा होता. त्यांनी पुन्हा धार धरली. रस पडताना दिसतो आहे, आवाज येतो आहे, आणि पेल्याच्या तळाला ओल नाही! त्यांनी पेला उपडा करून भोक आहे का पाहिले, मेजावरच्या कापडावर हात फिरवला. कापडही कोरडे. तिसऱ्यांदा ओतले तेव्हा सुरई संपली.

दाराशी कुजबुज झाली. सारजाबाईच्या पुढ्यात गोणपाटावर तो जर्मनचा पेला होता. त्याला कोणी हात लावला नव्हता, आणि तो काठोकाठ भरला होता. रस इतका वर आला होता की सारजाबाई श्वाससुद्धा जपून घेत होती.

"चोरी," मास्तर ओरडले. "देवाच्या मेजावरची चोरी. कपाट फोडून रस काढलाय हिनं. हिच्या पोरीची पुकार होणार नाही. पाहुण्यांनी खुशाल परत जावं."

सुवार्ताने आईचा हात घट्ट धरला. नवऱ्या मुलाचा बाप चुळबुळत उठायला लागला. लाजरने त्याला खांदा धरून खाली बसवले आणि तो म्हणाला, "मास्तर, कपाट फोडलं म्हणता, पर कुलूप तर तुमीच आत्ता उघडलं. किल्ली कुणाच्या कमरंला हाय?"

या वेळी मात्र कोणी हसले नाही.

महाराज मेज सोडून दाराशी आले, गोणपाटावर उभे राहिले आणि म्हणाले, "आज प्रभूचा पेला इथं आहे. ज्याला हवा त्याने इथं यावं. तिकडं पोचवला जाणार नाही."

पुढचे बाक जागचे हलेनात. मग एक बाई उठली. ती मास्तरांची बायको, एस्तेरबाई. नवऱ्याकडे न बघता ती चालत दारापर्यंत आली, सारजाबाईशेजारी गुडघे टेकून बसली आणि त्या पेल्याला तिने ओठ लावले. तिच्यामागून एकेक करीत सगळे बाक रिकामे झाले. मंडळी प्यायली, पाहुणे प्यायले, पण पेला तसाच काठोकाठ. धन्य तो प्रभू!

मेजापाशी एकटे मास्तर उरले.

महाराजांनी विचारले, "मास्तर, तुमचे आजोबा या गावात पाणी कसं पीत असत?"

मास्तरांनी मान वर केली नाही. ते म्हणाले, "ओंजळीनं."

"आणि ओतणारा?"

"लांबून ओतायचा. उंचावरून, शिवाशिव नको म्हणून." मास्तर आपल्या तळहातांकडे पाहू लागले. "आजोबा सांगायचे, तहान कधी भागायची नाही. सदरा तेवढा भिजायचा."

"मग त्यांनी प्रभूचं नाव घेतलं ते कशासाठी?"

भाविकहो, गावाने ज्यांना शतकानुशतके पायरीशी बसवले, त्यांच्याच नातवाने प्रभूच्या घरात शिरून दुसऱ्याला पायरी दाखवावी! गावाला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

मास्तर मेजापासून निघाले. सगळी मंडळी पाहत असताना ते गोणपाटावर गुडघ्यांवर बसले. सारजाबाईपुढे मान खाली घालून त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, आजोबा करत तशी.

"ओता, सारजाबाई," ते म्हणाले.

सारजाबाईने पेला उचलला, पण ओतला नाही. ती म्हणाली, "मास्तर, वंजळ सोडा. आमच्यात वरनं वतत न्हाईत."

आणि तिने पेला त्यांच्या हातात दिला. मास्तर प्यायले. अर्धा रस दाढीवरून ओघळला, कारण हुंदका आवरत नव्हता. मग त्यांनी पेला खाली ठेवला आणि सारजाबाईच्या पायांवर डोके टेकले.

ती गडबडून मागे सरली. "आवं, काय करता मास्तर. उठा. पुकार वाचायची हाय."

मास्तर उठले. खिशातून कागद काढून, तिथेच गोणपाटावर उभे राहून त्यांनी सुवार्ताचे आणि तिच्या नवऱ्या मुलाचे नाव पुकारले. कुणाची हरकत असेल तर बोलावे, असे विचारताना त्यांनी स्वतः सगळ्या देवळावर नजर फिरवली. कोणाची हरकत नव्हती. महाराजांनी एकतारी छेडली.

त्या एका पेल्याच्या धन्याचा जयजयकार असो. आणि ज्यांच्या मंडळीत आजही दुसरा पेला आहे, त्यांनी हा जयजयकार माझ्याबरोबर करू नये. आधी आपल्या देवळाचे कपाट सगळ्यांसाठी उघडावे.