पाराचा नेम

फार जुन्या काळची गोष्ट. एका गावात चिंचेखाली दगडी पार होता. त्या पाराचा नेम असा, की वर चढेल त्याने मनात येईल ते बोलावं, त्याला कुणी खाली ओढायचं नाही.

पाटलाला या नेमाचा भारी अभिमान. एकदा एका बाईनं पारावरून त्यालाच झाडलं, "पाटाचं पाणी आधी तुमच्याच मळ्यात कसं जातं हो, पाटील?" पाटील खजील झाला, पण तेव्हापासून पाणी सगळ्यांना पाळीनं मिळू लागलं.

पुढे एका वर्षी गुरांत रोग शिरला. एक तापट गडी पारावर चढून ओरडला, "ही कुंभारांची करणी आहे! हाकला त्यांना, जाळा त्यांची घरं!"

पाटलीण म्हणाली, "अहो, हे गाऱ्हाणं नव्हे, हे काडी लावणं झालं. उतरवा त्याला."

"बोलण्यानं अंगाला भोकं पडत नाहीत," पाटील म्हणाला. "आज त्याला उतरवलं, तर उद्या मला बोलणाऱ्यालाही उतरवीन."

मग रोज कुणीतरी चढे आणि तेच ओरडे. शेवटी म्हातारा कुंभार उत्तर द्यायला चढला. तो पाटलाचा लहानपणचा सवंगडी. त्यानं तोंड उघडलं आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली, शेण फेकलं. त्याला खाली मात्र कुणी ओढलं नाही. तो आपणच उतरला. नेम पाळला गेला म्हणून वेड्या पाटलाला बरंच वाटलं!

थोड्याच दिवसांत भरदुपारी कुंभारवाडा पेटला. म्हाताऱ्याची नात आगीत गेली. उरलेल्यांनी गाड्या जुंपल्या, तेव्हा पाटील वाटेत आडवा आला.

"थांब गड्या, मी घरं बांधून देतो."

"घर तू जाळलं नाहीस रे," म्हातारा म्हणाला. "तू नुसता ऐकत बसलास."

कुंभार गेले, तरी गुरं मरतच राहिली. पाटलानं नवा नेम केला: पाटलाला बोला, पंचांना बोला, देवालाही बोल लावा, पण माणसांना हाकला, जाळा म्हणेल त्याला पंचांपुढे उभं करू. नेम चांगला होता. तो सांगायला पाटील सवंगड्याच्या नव्या गावी गेला. म्हाताऱ्यानं त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि परत यायला मान हलवून नाही म्हटलं. पाटील जन्मभर हळहळत राहिला.

म्हणून सांगतो, बोलणाऱ्याचं तोंड दाबू नये हे खरं, पण दुसऱ्याच्या जिवावर उठणारं बोलणं वेळीच आवरावं. मागाहून केलेला नेम गेलेलं माणूस परत आणत नाही.