शेवटच्या घराचा होकार

मुलांनो, तुमच्या मोरीतलं पाणी घराबाहेर पडलं की पुढे कुणाच्या दारावरून जातं, हे कधी पाहिलं आहे का?

फार पूर्वी डोंगराच्या उतारावर पंधरा घरांचं एक गाव होतं. गावाच्या वर झऱ्याच्या पाण्याचं दगडी टाकं होतं. तिथून प्यायचं पाणी घरोघर यायचं. वापरलेलं पाणी एका गटारातून उतरत उतरत गावाच्या तळाशी जायचं. तिथे अळू आणि कर्दळ लावलेली होती. त्यांच्या मुळांतून ते निवळायचं आणि मग ओढ्याला मिळायचं.

टाकं आणि गटार दोन्ही गावाच्या मालकीची होती. रोज एका घराची पाळी असे. त्या घराने सकाळी टाक्याचं पाणी सोडायचं आणि संध्याकाळी गटार साफ करायचं. पाणी सोडायला सगळे हौसेने जात. गटाराची वेळ आली की मात्र कुणाची कंबर दुखे, कुणाकडे पाहुणे येत.

उताराच्या अगदी शेवटी एका कुंभारणीचं घर होतं. पाळी चुकली की घाण पाणी तिच्याच अंगणात शिरायचं आणि वाळत घातलेली कच्ची मडकी विरघळायची. ती एकटी होती. मडकी विकूनच तिचं पोट भरायचं. म्हणून पूर्वजांनी एक रीत घालून दिली होती. टाक्याबाबत किंवा गटाराबाबत काहीही ठरवायचं, तर शेवटच्या घराचा होकार हवा.

एकदा शहरातला एक शेठ गावात आला. तो म्हणाला, तुमचं टाकं आणि गटार मला विका. माझी माणसं रोज साफसफाई करतील, तुम्ही निवांत बसा. शिवाय तुमच्या देवळापुढे दगडी सभामंडप बांधून देतो.

गाव खूश झालं. पण कुंभारणीने लगेच होकार दिला नाही. पंधरा दिवस करून दाखवा, मग सांगते, असं ती म्हणाली. शेठला ते पटलं.

शेठची माणसं कामाची होती. त्यांनी टाक्याला झाकण घालून कुलूप लावलं. गटार खरवडून काढलं आणि त्यावर फरश्या बसवल्या. वास गेला, माश्या गेल्या. कुंभारणीचं अंगण इतकं कोरडं कधीच राहिलं नव्हतं. तिने धीर करून नेहमीच्या दुप्पट मडकी घडवली. होकार द्यायचा, असं तिने मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं.

तेराव्या दिवशी पाटलांच्या घरी लग्न झालं. पंगतीतला भात आणि पत्रावळींचे तुकडे गटारात गेले आणि फरशीखाली कुठेतरी अडकले. फरशी असल्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. पाणी तुंबलं आणि कुंभारणीच्या अंगणात फुटून बाहेर आलं.

ती धावत शेठच्या माणसांवरच्या मुकादमाकडे गेली. तो म्हणाला, फरशी उचलायची तर शेठची परवानगी लागते, मी निरोप धाडतो. शहर एका दिवसाच्या वाटेवर होतं. मग ती पाटलीणबाईंकडे गेली. त्यांनी तिला बसवलं, गूळपाणी दिलं आणि हळहळून म्हणाल्या, "अगं, पूर्वीसारखं असतं तर मीच कुदळ घेऊन आले असते. आता आमच्या हातात काय आहे?"

बाकीचेही आपापल्या दारातून हळहळले. खाली मात्र कुणी उतरलं नाही. दोन दिवसांत कुंभारणीच्या सगळ्या मडक्यांचा चिखल झाला.

पंधराव्या दिवशी शेठ आला. झालेलं ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं. त्याने तिथल्या तिथे फरशी उचलायला लावली. मग गाव निंबाखाली जमलं आणि तो कुंभारणीला म्हणाला, "बाई, मडक्यांची भरपाई मी देतो. पण खरं सांगा, हे गाववाले पाळी चुकवतात की नाही?"

"चुकवतात," कुंभारीण म्हणाली. "माझी मडकी यांच्यापायीही भिजली आहेत. पण तेव्हा कुणी चुकवली ते मला ठाऊक असतं. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहते, चार शब्द सुनावते. तो मान खाली घालतो आणि कुदळ उचलतो. परवा मी कुणाला सुनावणार होते, शेठ? मुकादम म्हणाला माझ्या हातात नाही. पाटलीणबाई म्हणाल्या आमच्या हातात नाही. दोघंही खरंच बोलत होती. आणि पाणी माझ्या अंगणात होतं."

मग एक म्हातारा पुटपुटला, "सभामंडप झाला असता तर टेकायला जागा झाली असती."

"टेकायला तुला अख्खी चावडी आहे की, आजोबा," ती म्हणाली. "परवापासून तिथेच टेकला होतास."

लोक हसले, पण जरा ओशाळून. मग कुंभारणीने शेठला हात जोडले. त्याच्या माणसांचं काम चांगलं होतं, हे तिने मोकळेपणाने कबूल केलं. पण होकार दिला नाही. शेठने टाक्याची किल्ली पाटलांच्या हातात दिली आणि तो निघून गेला.

तात्पर्य एवढंच: सगळ्यांचं काम कंटाळून दुसऱ्याच्या हाती सोपवण्याआधी, ते बिघडलं तर आपण कुणाच्या दारात जाऊन उभे राहणार, हे विचारून घ्यावं. आणि ज्याच्या अंगणात पाणी शिरणार आहे, त्याला पहिल्यांदा विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटारावरच्या सगळ्या फरश्या काढायला अकरा घरांतून माणसं आली. तीन घरांतून कुणी आलं नाही. त्या तिन्ही दारांत कुंभारीण जाऊन उभी राहिली.