मागचा शॉकअप

घाटातून पहिल्यांदा जीप जायला लागली, त्या काळची गोष्ट. हैबतीच्या जीपखाली मागच्या बाजूला एक शॉकअप होता. खड्ड्यांचे धक्के तो निमूट गिळायचा आणि बाजाराला निघालेली शेवंताआत्या मागे बसून म्हणायची, "रस्ता बरा झाला की रे, हैबती!"

पुढचे शॉकअप कुरकुरले, तसे हैबतीने लगेच नवे बसवले. मागचा गप्प राहिला. त्याचं तेल गळत होतं, अंग ठणकत होतं.

"काका, तुम्हीही कुरकुरा की," शेजारची स्प्रिंग म्हणाली.

"आत्याची कंबर आधीच धरलेली. मी अंग काढलं तर तिचं कसं व्हायचं?"

"आणि भर उतारावर एकदम तुटलात तर?"

शॉकअप दचकला. हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. मग सपाटीवर, जीप हळू असताना, एका लहानशा खड्ड्याचा धक्का त्याने मुद्दाम वर जाऊ दिला.

"आई गं!" आत्या कळवळली.

हैबती उतरून जीपखाली वाकला. "अरे, कधीचा गळतोयस! बोलला का नाहीस?"

एवढ्या वर्षांत कुणी वाकून पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. शॉकअप इतका दमला होता, की हैबतीने पान्हा लावताच अलगद सुटून त्याच्या हातात आला.