निथळलेल्या मिठाचं वजन

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे मिठाचं एक गाव होतं. घरं मातीची, पण भोवती मिठाचे ढीग असे चमचमायचे, की आभाळातल्या चांदण्यांचा चुरा कुणी सांडून ठेवलाय असं वाटावं. त्या गावात हिरू राहायची. तिला बाप नव्हता. आये होती, आणि आयेचा मिठाचा एक चिमुकला वाफा होता. दोघी दिवसभर खारट पाण्यात उभ्या राहून मीठ ओढायच्या. पायांना भेगा पडायच्या, भेगांत मीठ शिरायचं. हिरू ओठ घट्ट मिटायची. रडायची नाही.

गावात शाळा होती, पण मास्तर टिकत नव्हता. आला की खारा वारा खायचा आणि पुढच्या होडीने परत जायचा. मग हिरूच संध्याकाळी बांधावर बसायची. ओल्या चिखलात काडीने अक्षरं काढायची, आणि इवल्या इवल्या बोटांनी पोरं ती गिरवायची.

एकदा जेवताना ती म्हणाली, "मी मास्तरीण होणार."

मामा जेवायला आला होता. तो होडीवर तांडेल होता. त्याला हसू आवरेना. "खाडीपलीकडच्या मास्तर घडवायच्या शाळेची फी ठाऊक हाय का गो? कर्ज काढावं लागेल. मास्तरणीच्या पगारात फेडता फेडता तोंडाचं बोळकं होईल तुझं!"

"होऊ दे. बोळक्या तोंडानं शिकवीन."

"त्यापेक्षा बंदरात कारकुनी शीक. फी तेवढीच, पगार दुप्पट. खोटं सांगतो का मी, आक्का?"

आयेने आपल्या ताटातली मासळीची तुकडी उचलून हिरूच्या ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिरू वाफ्यावर गेली. तिवरांच्या हिरव्या झाडीपाशी एक गुलाबी रोहित पक्षी पडला होता. त्याच्या नाजूक पायांवर मिठाचं कडं घट्ट जमलं होतं. त्याला उडता येईना. हिरूपाशी दिवसभराचं गोडं पाणी होतं, एक लोटाभर. लांबून आणलेलं. तिने ते सगळं त्याच्या पायांवर हळूहळू ओतलं. मीठ विरघळलं, कडं सुटलं.

आणि त्या पक्ष्याची परी झाली! गुलाबी पंख, मिठाच्या स्फटिकांचा झगा, केसांत शिंपल्यांची इवलाली फुलं.

"पोरी, मी खाडीची परी. माग काय हवं ते. पण माझा नियम ऐक. मी भरतीला देते आणि ओहोटीला परत घेते. जे देईन ते तुझ्या कमाईतून फेडायचं. बुडवलंस तर तुझ्या आयेचा वाफा खाडीत बुडेल. म्हणून आधी तोलून बघायचं, मग मागायचं."

वाफा गेला तर आये खाणार काय? तरी हिरू म्हणाली, "परीबाय, मला मास्तरीण व्हायचंय. तोलून दाखव."

परीने दोन मोठ्या शिंपल्यांचा तराजू धरला. एका शिंपल्यात फीचे मोती ओतले. टपोरे, निळसर, झळझळते. दुसऱ्यात आधी बंदरातल्या कारकुनाची वर्षाची कमाई ठेवली. मिठाचा हा एवढा डोंगर! शिंपला धाडकन खाली गेला. मग मास्तरणीची कमाई ठेवली. छोटीशी ढिगोळी. मोती जागचे हलले नाहीत.

"बघितलंस?" परी हळूच म्हणाली. "बंदर माग."

पण हिरू त्या डोंगराकडे टक लावून पाहत होती. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"थांब, परीबाय. आमच्यात ओढलेलं मीठ लगेच तोलत नाहीत. आधी निथळू देतात."

परी हसली. दोन्ही ढीग तिने उन्हात ठेवले. सोनेरी ऊन चढलं. बंदराच्या ढिगातून पाणी वाहू लागलं. खोलीचं भाडं वाहून गेलं, खानावळ वाहून गेली, होडीचे हेलपाटे वाहून गेले. डोंगर ओसरून ढिगोळीपेक्षा जरासाच मोठा उरला. मास्तरणीच्या ढिगोळीतून चार थेंब गळले. ती घरीच राहणार होती, आयेच्या हातचा भात खाणार होती.

परीने आता दोन्ही ढीग समोरासमोर तोलले. "अजून बंदरच जड आहे, पोरी."

"हाय. पण थोडंच. आणि हे एका वर्षाचं मीठ. एका वर्षात मोती फिटणार नाहीत. वर्षांमागून वर्षं घातली की फिटतील. आयेचा वाफा बुडत नाही. मला एवढं बास."

परीचे डोळे लुकलुकले. "तुझी ढिगोळी मी मोठी करून देते. तू एकेक अक्षर शिकवलंस, की त्या पोराच्या घरातलं चिमूटभर मीठ आपोआप तुझ्याकडे येईल. कबूल?"

"नको," हिरू ताडकन म्हणाली. "त्यांच्या घरी नुसता मीठभात असतो. मीठ मी घेतलं तर पोरं अळणी भात खातील. मला मुदत दे. दर साली थोडं थोडं फेडीन."

परीने मोती तिच्या ओंजळीत ओतले.

हिरू पलीकडे शिकली. मास्तरीण झाली, आणि गावच्या शाळेत टिकली. लुगडं विरलं की जोड शिवून दंड घालायची, पण दर साली पगारातून मोती विकत घेऊन परीला द्यायची; हप्ता कधी चुकवला नाही. केस पिकू लागले तेव्हा शेवटचा मोती घेऊन ती तिवरांपाशी गेली.

परी वाट पाहत होती. मोती घेतला आणि पंख मिटून खाली बसली. "हिरूबाई, मला सगळं देता येतं, घेता येतं. वाचता येत नाही. मला शिकवाल?"

हिरूने काडी उचलली. परीचा चिमुकला गुलाबी हात धरून चिखलात 'खाडी' लिहून घेतलं. परीने ते बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि लहान पोरीसारखी टाळ्या पिटू लागली. अक्षरं लखलखली. मग तिने सगळे मोती हिरूपुढे ठेवले.

हिरू मागे सरली. "दान नको, परीबाय."

"दान कसलं? कर्ज फिटलं. ही माझी फी. मी काही मीठभात खाणारी नाही, मला परवडते."

तिवरं गुलाबी झाली, खाडी गुलाबी झाली, मिठाचे ढीग झगमगले. त्या उजेडात परी विरघळून गेली.

हिरूबाईंनी मोती पदरात घेतले. कमाईचे होते, म्हणून मान वर ठेवून घेतले.