विजेत्याची ओंजळ

फार फार पूर्वी एक राज्य होतं. तिथे युवराज जन्माने ठरत नसे, पायांनी ठरे. दर हिवाळ्यात नदीकाठाने शर्यत होई. शेवटच्या रेघेशी जो पहिला पोचेल, त्याने तिथलं ओंजळभर पाणी प्यायचं. मग तो वर्षभर युवराज. पाणी प्यायल्याखेरीज जिंकणं धरत नसत. आणि ज्या वर्षी युवराज नाही, त्या वर्षी राजाने मुकुट घालायचा नाही, असा दंडकच होता.

राजाचा मुलगा सुरेख पळे. त्याला जोडे मात्र अगदी हलके लागत. ते नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराआडच्या एका वाडीत तयार होत. तिथे पुरुष कुंडांत कातडी कमावत आणि बाया झाडाचा चीक उकळून जोड्यांना तळ चिकटवत. त्याची वाफ डोळ्यांत जाई, छातीत जाई. कुंडांतलं पाणी नदीत जाई. राजवाड्यात फक्त जोडे जात.

हलका जोडा एका शर्यतीतच फाटे. तरी राजपुत्रासारखे जोडे सगळ्यांनाच हवेसे झाले. धावणारे थोडे होते, मिरवणारेच फार. फाटक्या जोड्यांनी गावाबाहेरचा ओढा भरला आणि वाडीतल्या भट्ट्या विझेनाशा झाल्या.

एका वर्षी रेघेजवळचं पाणी कडू लागलं. प्रधान म्हणाला, "महाराज, सोपं आहे. रेघ थोडी वर सरकवू, झरा नदीला मिळतो तिथे. तिथलं पाणी अजून गोड आहे."

रेघ सरकली, तशी शर्यत लांबली. शर्यत लांबली म्हणून जोडे आणखी हलके हवेत असं ठरलं. त्यासाठी चीक आणखी उकळला, आणि पुढच्या वर्षी तिथलंही पाणी कडू झालं. मग रेघ पुन्हा वर, पुढच्या झऱ्याशी. हे शहाणपण पुष्कळ वर्षं चाललं. दरबारात कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सरकता सरकता रेघ एकदा त्या वाडीतच जाऊन पोचली.

त्या वर्षीही राजपुत्र पहिला आला. धापा टाकत वाकला, ओंजळ भरली. पाणी काळपट होतं. तेवढ्यात काठावरच्या भट्टीपासून एक बाई खोकत धावत आली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"नगा पिऊ, राजं. पोट जळंल."

"मावशी, प्यायलो नाही तर हरलो. तुम्ही कुठलं पाणी पिता?"

"हेच की. भट्टी सोडून वरलं आणाया सवड हाय कुठं?" बाई म्हणाली. मग तिची नजर त्याच्या पायांकडे गेली आणि ती हसली. "ह्ये जोडं माझ्याच हातचं. बरं बसल्यात."

मागून राजाची पालखी आली. राजा हलक्या आवाजात म्हणाला, "बाळराजे, डोळे मिटा आणि एक घोट घ्या. एवढ्यासाठी युवराजपद घालवता?"

प्रधान म्हणाला, "नाहीतर वाडीच्या वर जाऊ. तिथलं पाणी अगदी स्वच्छ आहे."

"रेघ वर नेली की आपण सुटलो," राजपुत्र म्हणाला. "या मावशींना कुठे सरकवणार?" त्याने ओंजळ सोडून दिली. मागून आलेल्या धावणाऱ्यांनीही ते पाणी हुंगलं आणि तोंड फिरवलं.

त्या वर्षी कुणीच जिंकलं नाही. राजा बोडक्या डोक्याने परतला आणि बोडक्या डोक्याने दरबारात बसला. लोक मान खाली घालून हसत. राजपुत्राने रेघ हलवू दिली नाही. पुढच्या वर्षीही पाणी कुणाला पिववलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दयेने जे झालं नव्हतं ते शेवटी मुकुटाच्या ओढीने झालं. राजाने कुंडं नदीपासून दूर हलवली, भट्ट्यांना धुराडी बांधली आणि जोडा फाटला तर आधी शिवून घ्यावा, अशी दवंडी पिटवली. जोडे जड झाले. शर्यत मंदावली. त्याचं कुणाला फारसं दुःख झालं नाही.

पाणी निवळायला बरीच वर्षं गेली. राजपुत्राचे केस पिकू लागले होते, तरी तोच पहिला आला. पायांत शिवलेले जोडे होते. त्याने ओंजळ भरली आणि आधी त्या बाईपुढे धरली. तिने घोट घेतला. "ग्वाड हाय," ती म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. नदी निवळली, पण तिची छाती काही निवळली नाही.

तात्पर्य: आपल्या सुखाचा त्रास दूर कुणीतरी भोगत असतं, तिथवर जाऊन पाहावं, आणि तेही वेळेत.